आग विझवणारं वनखातं

८ नोव्हेंबर २०१८. महाराष्ट्रात पाडव्याची रात्र सुरू होत होती, तेव्हा कॅलिफोर्नियात गुरुवारची सकाळ उजाडत होती. राज्याच्या उत्तरेला, ब्यूट काउंटीतल्या फेदर नदीच्या खोऱ्यात, पुल्गा नावाच्या लहानशा वस्तीजवळ वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा एक आकडा तुटला. जवळपास शंभर वर्षं झिजत आलेला लोखंडी आकडा. तार सुटली आणि ठिणग्या खालच्या वाळक्या झाडोऱ्यात पडल्या. साडेसहाच्या सुमाराला जार्बो गॅपच्या फायर स्टेशनला वर्दी मिळाली. बंब निघाले. कॅप्टनला खोऱ्यापलीकडे आग दिसत होती, पण तिथवर जाणारा कॅम्प क्रीकचा रस्ता इतका अरुंद आणि दरीच्या काठाने जाणारा होता, की त्यावर बंब घालणं शक्य नव्हतं. वारा सोसाट्याचा होता. कॅप्टनने वायरलेसवर कळवलं, की हे प्रकरण मोठं होणार. पुल्गा खाली करा, आणखी बंब पाठवा, बुलडोझर पाठवा.

दीड तासाच्या आत आग पॅराडाइझ या सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीच्या गावात शिरली. ८५ माणसं गेली. १८,८०४ बांधकामं जळाली. १,५३,३३६ एकर रान भस्मसात झालं. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी क्षेत्रफळ याहून थोडं कमीच भरतं.

त्या सकाळी वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला जी यंत्रणा होती, तिचं नाव कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ फॉरेस्ट्री अँड फायर प्रोटेक्शन. २००७ पासून ती ‘कॅल फायर’ या आटोपशीर नावाने ओळखली जाते. तिचं पूर्ण नाव मराठी वाचकाला बुचकळ्यात टाकेल. आपल्याकडे जंगल वनखात्याचं आणि बंब महापालिकेचा. वनरक्षक जाळरेषा काढतो, अग्निशमन दलाचा जवान इमारतीची आग विझवतो, आणि दोघांचे साहेब वेगळे असतात. कॅलिफोर्नियाने या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात ठेवल्या. झाड तोडायची परवानगी देणारं, बी जपणारं, वणवा विझवणारं आणि वेळप्रसंगी मुद्दाम रान पेटवणारं खातं एकच. या जोडणीतून खात्याला बळ मिळालं आणि त्याची सगळ्यात अवघड कोंडीही तिच्यातूनच निर्माण झाली.

नकाशावरचे तीन रंग

कॅलिफोर्नियात साधारण ३ कोटी ३० लाख एकर जंगल आहे. त्यातलं ५७ टक्के केंद्र सरकारच्या मालकीचं, सुमारे ४० टक्के खासगी, आणि राज्य व स्थानिक संस्थांचं मिळून जेमतेम ३ टक्के. म्हणजे राज्याच्या वनखात्याकडे स्वतःचं असं जंगल फारसं नाहीच. महाराष्ट्रात जंगल म्हटलं की सरकारी जमीन डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र राज्याचं खातं प्रामुख्याने दुसऱ्याच्या जमिनीची राखण करतं.

या राखणीसाठी नकाशाचे तीन भाग केले आहेत. राष्ट्रीय वनं आणि इतर केंद्रीय जमिनी ही केंद्राची जबाबदारी. नगरपालिकांच्या हद्दी आणि सपाटीवरची बरीचशी शेती ही स्थानिक जबाबदारी. उरलेली जंगलं, झुडपी टेकड्या आणि कुरणं ही राज्याची जबाबदारी. हा तिसरा भाग ३ कोटी १० लाख एकरांचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या नोंदलेल्या वनक्षेत्राच्या दुपटीएवढा आहे. कोणती जमीन राज्याच्या जबाबदारीत येते हे ‘बोर्ड ऑफ फॉरेस्ट्री अँड फायर प्रोटेक्शन’ ठरवतं आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरआढावा घेतं.

रंग कागदावर स्वच्छ दिसतात. प्रत्यक्षात एका डोंगराचा माथा केंद्राकडे, उतार खासगी मालकाकडे आणि पायथ्याची वस्ती नगरपालिकेकडे असते. आग ओढ्याच्या काठाने वर चढताना हद्दीचे दगड मोजत नाही. म्हणून मालकी कोणाची आणि प्रत्यक्ष बंदोबस्त कोणाचा, या दोन गोष्टी करारांनी वेगळ्या केल्या आहेत. केंद्राची एखादी जमीन राज्याच्या फायर स्टेशनला जवळ असेल तर ती राज्याने सांभाळायची, त्याबदली राज्याची दूरची जमीन केंद्राने. वर्दी आली की जवळचा बंब आधी निघतो, मग तो कोणत्याही खात्याचा असो. हिशेब मागाहून होतात.

सहा काउंट्यांशी राज्याचा आणखी वेगळा करार आहे. कर्न, लॉस एंजेलिस, मरीन, ऑरेंज, सांता बार्बरा आणि व्हेंचुरा या काउंट्यांची अग्निशमन दलं आधीच सक्षम होती. तिथे राज्याने स्वतःची ठाणी उभारली नाहीत. आपल्या वाट्याची जमीन राखण्याचे पैसे ते त्या काउंट्यांना देतं. उलट बाजूने, अनेक काउंट्या आणि छोटी गावं आपलं अग्निशमन दल चालवण्याचं काम पैसे देऊन कॅल फायरवर सोपवतात. दक्षिणेतली रिव्हरसाइड काउंटी हे याचं मोठं उदाहरण. तिथल्या फायर स्टेशनातला जवान राज्याचा नोकर असतो, पण त्याचा बहुतेक दिवस हृदयविकाराचे झटके, मोटार अपघात आणि घरातल्या आगी यांत जातो. अमाडोर काउंटीने अजून एक तोडगा काढला. राज्याची फायर स्टेशनं हिवाळ्यात बंद होत असत, त्या महिन्यांचा खर्च काउंटीने उचलायचा आणि ती उघडी ठेवायची. ‘अमाडोर प्लॅन’ हे नाव पुढे राज्यभर रूढ झालं.

खाली युनिट, वर राजधानी

या खात्याचा खरा कणा म्हणजे युनिट. राज्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आणि त्यांत मिळून २१ युनिटं आहेत. काही एका काउंटीची, काही दोन-तीन काउंट्यांची. ब्यूट युनिटचं ठाणं ओरोव्हिल गावात आहे आणि तिथला युनिट चीफ ब्यूट काउंटीच्या अग्निशमन दलाचाही प्रमुख असतो. पॅराडाइझ गावानेही आपलं दल करार करून कॅल फायरकडे दिलेलं होतं. त्यामुळे २०१८ च्या त्या सकाळी रानातली आग, काउंटीची आग आणि गावातली आग अशा तिन्ही वर्द्या एकाच नियंत्रण कक्षात येत होत्या.

प्रत्येक युनिटला तीन अक्षरांचा संकेत असतो. ब्यूट म्हणजे बीटीयू, सांता क्लारा म्हणजे एससीयू, सान मातेओ–सांता क्रूझ म्हणजे सीझेडयू. एरवी हे संकेत वायरलेसवरच राहिले असते. पण ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजांनी काही दिवसांत शेकडो ठिकाणी आगी लावल्या. एकेका आगीला वेगळं नाव देणं अशक्य झालं, तेव्हा युनिटच्या संकेतानेच आगींचे समूह ओळखले जाऊ लागले. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल इथल्या मराठी कुटुंबांना ‘एससीयू’ आणि ‘सीझेडयू’ ही अक्षरं तेव्हा पाठ झाली. त्यांच्या गॅलरीतून दिसणाऱ्या टेकड्या पेटल्या होत्या. ९ सप्टेंबर २०२० ला तर बे एरियात दिवसभर आकाश नारिंगी राहिलं आणि दुपारी दिवे लावावे लागले.

युनिटमधली उतरंड अशी. सगळ्यात खाली हंगामी फायरफायटर, वर्षातले काही महिने कामावर असणारा. त्याच्या वर बंब चालवणारा आणि पंप सांभाळणारा फायर अॅपरेटस इंजिनिअर. मग फायर कॅप्टन, त्याच्या हाताखाली एक ठाणं किंवा एक पथक. मग बॅटॅलियन चीफ, त्याच्याकडे अशी अनेक ठाणी. त्यावर असिस्टंट चीफ, डेप्युटी चीफ आणि शेवटी युनिट चीफ. नव्या भरतीचं प्रशिक्षण अमाडोर काउंटीतल्या आयोन गावच्या अकादमीत होतं. याच युनिटमध्ये वनशास्त्राची पदवी घेतलेले फॉरेस्टर बसतात, घरांभोवतीचं वाळलेलं गवत तपासणारे निरीक्षक असतात आणि आग का लागली हे शोधणारे अधिकारीही असतात.

या तपास अधिकाऱ्यांना पोलिसांचे अधिकार असतात. राखेतून आगीचा उगम शोधणं, तुटलेला आकडा किंवा वाहनाचा तुकडा पुरावा म्हणून जपणं हे त्यांचं काम. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर विझवण्याचा खर्च वसूल करता येतो. पॅराडाइझच्या आगीचं कारण पीजी अँड ई या वीज कंपनीची वाहिनी होती, असं कॅल फायरने मे २०१९ मध्ये जाहीर केलं. जून २०२० मध्ये कंपनीने ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

युनिटच्या वर रेडिंग आणि रिव्हरसाइड इथली समन्वय केंद्रं आहेत. तिथे राज्य आणि केंद्र यांची माणसं एकाच छताखाली बसतात. एका युनिटचे बंब कमी पडले की ते विभागाकडे मागणी करतं आणि विभाग दुसऱ्या युनिटकडून, दुसऱ्या विभागाकडून किंवा दुसऱ्या राज्याकडून कुमक आणतो. मुख्यालय सॅक्रामेंटोत आहे. संचालकाची नेमणूक गव्हर्नर करतो. २०२२ मध्ये हे पद जो टायलर यांच्याकडे आलं. १९९५ मध्ये राज्याच्या फायर मार्शलचं कार्यालयही याच खात्यात विलीन झालं. त्यामुळे वणव्याच्या पट्ट्यात घराचं छप्पर कशाचं असावं आणि झरोक्याची जाळी किती बारीक असावी, हेही याच खात्याच्या कक्षेत आलं.

कॅलिफोर्नियाहून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत

१९७० च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवसांत १६ माणसं दगावली, सातशेहून अधिक बांधकामं जळाली आणि पाच लाखांहून अधिक एकर रान गेलं. मागाहून चौकशीत जे समोर आलं, ते आगीइतकंच गंभीर होतं. वेगवेगळ्या दलांच्या वायरलेसच्या लहरी जुळत नव्हत्या. एकाच पदाला एका दलात एक नाव होतं आणि दुसऱ्यात दुसरं. एकाच आगीवर दोन-दोन प्रमुख हुकूम सोडत होते.

त्यातून ‘फायरस्कोप’ हा प्रकल्प उभा राहिला. केंद्राची वनसेवा, राज्याचं वनखातं आणि दक्षिणेतली मोठी अग्निशमन दलं त्यात होती. त्यांनी ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ घडवली. घटनेचा प्रमुख एकच, किंवा अनेक खाती असतील तर एकत्र बसून एकच आराखडा मंजूर करणारे प्रमुख. त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, रसद आणि हिशेब असे चार विभाग. एका माणसाने साधारण पाचच जणांवर देखरेख करायची. आग वाढली की रचनाही वाढवायची आणि आग विझत आली की आवरती घ्यायची.

अमेरिकेने ही पद्धत पुढे देशभर स्वीकारली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तीच रचना भारतीय प्रशासनाला जुळवून जुलै २०१० मध्ये ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत आणली. त्यानुसार जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी असतो. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यांत पूर किंवा दरडीसाठी नियोजन आणि रसद असे जे विभाग वाचायला मिळतात, त्यांचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जळालेल्या टेकड्यांमध्ये आहे.

आकाशातून आणि हातांनी

कॅल फायरकडे साठहून अधिक विमानं आणि हेलिकॉप्टरं आहेत. आग विझवण्यासाठी असलेला हा जगातला सर्वांत मोठा नागरी ताफा मानला जातो. त्यातली एस-२टी टँकर विमानं मूळची नौदलाची, पाणबुड्यांच्या शोधासाठी बांधलेली. आता ती एका फेरीत १,२०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार हजार लिटर लाल रसायन टाकतात. तटरक्षक दलाकडून आलेली सी-१३० विमानं एका वेळी ४,००० गॅलन नेतात. नवी फायरहॉक हेलिकॉप्टरं रात्रीही उडू शकतात. विमानतळांची आखणी अशी, की राज्याच्या जबाबदारीतल्या बहुतेक जागी वीस मिनिटांत टँकर पोचावा.

पण विमान आग विझवत नाही. लाल रसायन आगीची गती कमी करतं, तेवढ्या वेळात जमिनीवरच्या माणसांनी तिला वेढायचं असतं. हे काम हँड क्रू करतात, बारा ते सतरा जणांची पथकं. पुढचे चेनसॉ चालवतात, त्यांच्यामागचे कापलेला झाडोरा ओढून आगीच्या विरुद्ध बाजूला टाकतात. मग पुलास्की येते, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं हत्यार. ती मुळं तोडते. शेवटी मॅक्लाउड, रुंद दात्यांचा फावडा, उरलेला पालापाचोळा खरवडून काढतो. खालच्या खनिज मातीचा पट्टा उघडा पडेपर्यंत खरवडायचं, कारण पानांचा पातळ थर जरी राहिला तरी आग त्याखालून पलीकडे जाते. उभ्या चढावर, धुरात, पाठीवर ओझं घेऊन हे तासन्‌तास चालतं.

या पथकांतली अनेक माणसं तुरुंगातली आहेत. त्यांचे पोशाख नारिंगी, बाकीच्यांचे पिवळे. राज्याच्या तुरुंग विभागाबरोबर कॅल फायर ‘कॉन्झर्व्हेशन कॅम्प’ चालवतं. १९४६ मध्ये रेनबो इथे पहिला कायमचा कॅम्प उघडला आणि १९८३ पासून तिथे महिला कैदी काम करू लागल्या. वर्षानुवर्षं या कैद्यांना दिवसाला जेमतेम काही डॉलर मजुरी आणि प्रत्यक्ष आपत्तीत तासाला एक डॉलर जादा मिळत होता. त्यांच्या शेजारी तोच धूर खाणाऱ्या नोकरदाराचा पगार कितीतरी पट होता. यात न्याय नव्हता. २०२० मध्ये सुटकेनंतर शिक्षेची नोंद पुसण्याचा मार्ग कायद्याने उघडला, म्हणजे याच अनुभवावर पुढे नोकरी मागता यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने वणव्यावर असताना तासाला ७.२५ डॉलर देणं ठरवलं. एकेकाळी चार हजारांवर असलेली या पथकांतल्या कैद्यांची संख्या आता दोन हजारांच्या आत आली आहे आणि त्यांची जागा भरताना राज्य वनसंवर्धन दल, नॅशनल गार्ड आणि नवी पगारी पथकं यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

दुसरी बाजू: बी आणि लाकूड

खात्याचा वनाचा अर्धा भाग आगीच्या अर्ध्याहून जुना आहे. १८८५ मध्ये राज्याने बोर्ड ऑफ फॉरेस्ट्री स्थापलं, १८९३ मध्ये मोडलं आणि १९०५ मध्ये पुन्हा उभारून ई. टी. अॅलन यांना पहिले स्टेट फॉरेस्टर नेमलं. आजही धोरण ठरवतं ते हे बोर्डच. त्याचे नऊ सदस्य गव्हर्नर नेमतो: पाच सामान्य जनतेतले, तीन लाकूड उद्योगातले आणि एक पशुपालनातला.

१९७३ च्या झबर्ग–नेजडली कायद्यानुसार खासगी मालकालाही व्यापारी तोड करायची तर परवानाधारक फॉरेस्टरकडून तोड आराखडा करून घ्यावा लागतो. त्यात ओढ्याकाठी किती झाडं राखायची, रस्ता कुठून काढायचा, पुन्हा लागवड कशी होणार हे सगळं येतं. कॅल फायर तो तपासतं. या तपासणीचा खर्च २०१२ च्या कायद्यापासून लाकूड विकत घेणारा ग्राहक दुकानात एक टक्का अधिभाराने भरतो.

खात्याची स्वतःची ‘प्रात्यक्षिक वनं’ थोडी आहेत. मेंडोसिनो काउंटीतलं जॅक्सन हे त्यांतलं सर्वांत मोठं, ४८ हजार एकरांहून अधिक. तिथल्या कॅस्पर ओढ्यावर १९६१ पासून तोडीचा पाण्यावर आणि गाळावर काय परिणाम होतो, याच्या नोंदी सुरू आहेत. याच जंगलात रेडवूड तोडण्यावरून २०२१ मध्ये स्थानिक रहिवासी आणि पोमो आदिवासींनी आंदोलन केलं, तोड थांबली आणि खात्याला त्यांच्याशी बोलणी करावी लागली.

डेव्हिस गावातल्या मोरान केंद्रात राज्याची बियाणं पेढी आहे. उंच झाडांवर चढून शंकू उतरवले जातात, ते सुकवून त्यांतलं बी काढलं जातं, पापुद्रे आणि पोकळ बिया वेगळ्या केल्या जातात आणि निवडक बी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली साठवलं जातं. प्रत्येक पिशवीवर प्रदेश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, कारण समुद्राजवळच्या झाडाचं बी सिएरा पर्वतरांगेच्या उंचीवर तग धरत नाही. खर्चकपातीत हे केंद्र बंद करण्यात आलं होतं. पुढे एकामागून एक मोठे वणवे पेटले, जळालेल्या डोंगरांवर लावायला योग्य ठिकाणचं बी कमी पडू लागलं आणि ते पुन्हा सुरू करावं लागलं. बंब आणि विमानांसाठी पैसा उभा राहतो, कारण ज्वाळा सगळ्यांना दिसतात. बियांच्या पिशवीसाठी तो उभा राहत नाही. या खात्याला ही चूक महागात पडली.

दहा एकरांचं यश

कॅल फायरचं जुनं उद्दिष्ट असं, की राज्याच्या जबाबदारीतल्या ९५ टक्के आगी दहा एकरांच्या आत विझवायच्या. बहुतेक वर्षी ते जवळपास गाठलं जातं. पण शंभर वर्षं प्रत्येक लहान आग विझवत गेल्यामुळे रानात वाळकं लाकूड आणि दाट खुरटी झाडं साचली. उरलेल्या थोड्या आगी त्यावर पोसल्या जातात. २०२० मध्ये राज्यात चाळीस लाखांहून अधिक एकर जळालं, ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ नावाच्या आगींच्या एकाच समूहाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. त्यात तापमानवाढ, लांबलेले दुष्काळ आणि रानाच्या कडेला वाढलेल्या वसाहती यांची भर पडली. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्स आणि ईटन या आगी पेटल्या, ३१ माणसं गेली आणि सोळा हजारांहून अधिक बांधकामं नष्ट झाली. शहर, काउंटी, राज्य आणि केंद्र असे चौघेही पहिल्या दिवसापासून हजर होते. त्या वाऱ्यापुढे विमानं तासन्‌तास जमिनीवर राहिली.

म्हणून खात्याचं लक्ष आता आग लागण्याआधीच्या कामाकडे वळलं आहे. घराभोवती शंभर फुटांत गवत-झुडपं विरळ ठेवण्याची सक्ती जुनीच, आता भिंतीलगतच्या पाच फुटांत पेटणारं काही नको हा नवा नियम घडतो आहे. जवानांचा आठवडा ७२ तासांवरून ६६ तासांवर आणण्यासाठी २०२४ पासून नवी भरती सुरू झाली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य आणि केंद्राच्या वनसेवेने मिळून वर्षाला दहा लाख एकर रान विरळ करण्याचं किंवा ठरवून जाळण्याचं लक्ष्य मान्य केलं. ठरवून लावलेली आग हाताबाहेर गेली तर सर्वस्व गमवावं लागेल, या भीतीने खासगी मालक मागे सरत. २०२१ च्या कायद्याने ती जबाबदारी मर्यादित केली आणि पाठोपाठ दोन कोटी डॉलरचा भरपाई निधी उभा राहिला.

यातलं सगळ्यात मोठं पाऊल आदिवासींच्या बाबतीत आहे. क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातले कारुक आणि युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या हेझलची झुडपं आणि ओकखालचा पाला जाळत आले होते. टोपल्यांसाठी सरळ काड्या मिळाव्यात, ओकची फळं कीडमुक्त राहावीत आणि रान मोकळं राहावं म्हणून. राज्याच्या १८५० च्या कायद्याने रान पेटवणाऱ्या आदिवासींना शिक्षा ठरवली आणि पुढे अग्निशमनाची सगळी यंत्रणा त्याच धोरणावर उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मान्यताप्राप्त आदिवासी जमातींशी थेट करार करण्याची मुभा दिली आणि २०२५ च्या सुरुवातीला कारुक जमातीने असा पहिला करार केला. त्यानुसार आपल्या परंपरेतली आग लावण्यासाठी त्यांना आता दर वेळी राज्याचा परवाना मागावा लागत नाही.